गर्दीमावशीचा जयजयकार

एकट्या बाईने दीड हजार माणसं कसं व्हायचं, हे शिकायला तिला सहा महिने लागले आणि पुढची एकतीस वर्षं तिने तेच केलं. तिचं खरं नाव स्टुडिओच्या हजेरीवहीत होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळे तिला गर्दीमावशी म्हणायचे.

सिनेमात मोर्चा निघतो, सभा पेटते, तुरुंगाच्या फाटकावर लोक धडका मारतात, तेव्हा पडद्यावर माणसं दिसतात खरी, पण ऐकू येतो तो आवाज त्यांचा नसतो. चित्रीकरणाच्या वेळी ती बिचारी नुसती तोंडं हलवतात, कारण मधोमध उभ्या असलेल्या हिरोचं बोलणं तेवढं टिपायचं असतं. गर्दीचा आवाज मागाहून भरतात. त्यासाठी भिंतींना गालिचे ठोकलेल्या एका कोंदट खोलीत पाच-सहा माणसं माइकभोवती उभी राहतात आणि समोरच्या छोट्या पडद्याकडे बघत जनता होतात. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. चपला बाहेर, कारण त्या करकरतात. जनतेने अनवाणी आणि घामाघूम असायचं, हा नियम निदान या खोलीत तरी तंतोतंत पाळला जायचा.

या धंद्याचा दुसरा नियम त्याहून मोठा. गर्दीने बोलायचं नाही. आवाज करायचा, पण शब्द कळता कामा नये. कळला तर हिरोच्या वाक्यात पाय अडकतो. म्हणून ही मंडळी 'वांगी-बटाटे, वांगी-बटाटे' म्हणतात. कुणी दबक्या आवाजात, कुणी तावातावाने, कुणी गळा दाटून. सगळं एकत्र केलं की पेटून उठलेल्या जनतेचा हुंकार तयार होतो. पहिल्या दिवशी तिने भाबडेपणाने 'आम्हाला न्याय द्या' असं ओरडून टाकलं, तेव्हा काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला होता, "बाई, न्याय नको. वांगी द्या."

त्यानंतर तिने वांगीच दिली. अन्यायाविरुद्धच्या लढ्याचे, हक्कांच्या चळवळीचे किती सिनेमे तिच्या गळ्यातून गेले त्याची मोजदाद नाही. कुठलाच तिने सलग पाहिला नव्हता. गर्दीचे तेवढे तुकडे पाहिले होते, तेही एकेक तुकडा वीस-वीस वेळा, आणि त्यामुळे या जातीचे सिनेमे तिला नाडी बघून ओळखता येत. पिचलेल्या माणसांचे दात फार छान असतात. त्यांचे सदरे नेहमी डाव्याच खांद्यावर फाटतात. पोलिसाची काठी हवेतून सावकाश येते, मागे व्हायोलिन असतं. बायका पाणी आणून देतात आणि रडतात. आणि मग बाहेरगावाहून कुणीतरी शिकलेला देखणा माणूस येतो आणि लोकांना सांगतो, की बाबांनो, तुमच्यावर अन्याय होतोय. तोवर लोकांना बहुधा आपली मजा चालली आहे असंच वाटत असतं. पुढे त्या सिनेमाला बक्षीस मिळतं, दिग्दर्शक डोळे पुसत म्हणतो की हे बक्षीस जनतेचं आहे, आणि ते बगलेत मारून घरी जातो.

"आपण जनता ना?" ती जेवणाच्या सुट्टीत म्हणायची. "मग आपल्याला साधा पंखा लावत नाहीत ते?"

रेकॉर्डिस्ट हसायचा. हा तो पहिला नव्हे, त्याच्या जागी आलेला. त्याचे कान इतके तिखट होते की शेजारच्या खोलीत कुणी खिशातलं नाणं चाळवलं तरी तो टेप थांबवायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत. गर्दीमावशीचं आणि त्याचं चांगलं जमायचं, कारण दोघांनाही सिनेमा बघवत नसे.

घरी ती आणि आई. शिवणयंत्रं दुरुस्त करण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आई चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि दहा वर्षांमागे काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. म्हणून कुणी तिची कीव करायला आलं, तर करणाऱ्याचीच फजिती व्हायची. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते ती दार उघडायच्या आत सांगायची. दूध उतू जाण्याआधी कसला तरी आवाज करतं म्हणे. तो तिला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचा आणि आत स्वयंपाक करणाऱ्या लेकीला यायचा नाही. "तू कानांचं काम करतेस ना गं?" ती विचारायची.

आईने एकोणतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली. पण वस्तीत तिची ओळख ती नव्हती. ओळख होती एका वाक्याची.

सत्तेचाळीस वर्षांमागची गोष्ट. कायद्याने मत सगळ्यांना होतं. पण मतदारयादीत नाव असल्याशिवाय मत देता येत नाही, आणि खालच्या वस्तीतल्या माणसाचं नाव यादीत चढू द्यायचं नाही, असं वरच्या कुणीतरी न लिहिता ठरवून टाकलं होतं. कचेरीला तीन खिडक्या होत्या. पहिल्या दोन समोर, सावलीत. तिसरी बाजूला, गटाराला लागून, ती यांची. तिच्यात एक कारकून बसायचा आणि त्याला दोनच शब्द येत असावेत: "उद्या या." तो अर्ज नाकारायचा नाही, अपमान करायचा नाही, कायदा मोडायचा नाही. झडप खाली ओढायची आणि म्हणायचं, उद्या या. धुलाईखान्यातल्या चाळीस बायका पाळीपाळीने अर्धी रजा टाकून अकरा दिवस तिथे गेल्या. बाराव्या दिवशी सगळ्याच गेल्या. कारकुनाने झडपेला हात घातला, तोच आईने खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकवलं आणि म्हणाली, "आता उद्या तुम्ही या, साहेब. आम्ही इथंच आहोत."

आणि ती खिडकीखाली बसली. चाळीस बायका चार दिवस बसल्या. धुलाईखान्यात चादरींचा ढीग लागला, इस्पितळ बोंबलायला लागलं, वरून फोन आले आणि पाचव्या दिवशी नावं चढली. आईचं नाव चुकीचं चढलं, ते अजून तसंच आहे. चौथ्या दिवशी एक वकील येऊन फोटो काढून घेऊन गेला. एवढंच.

गर्दीमावशी तेव्हा अकरा वर्षांची होती. आईबरोबर तीही गेली होती. "मी तिच्या शेजारीच बसले होते," असं ती स्टुडिओत आणि घरी आल्यागेल्या सगळ्यांना सांगायची आणि सांगताना तिचा आवाज जरा चढायचा.

तर या गोष्टीवर सिनेमा निघाला. कुठल्याशा जुन्या वर्तमानपत्रात दिग्दर्शकाला ती सापडली होती. तो घरी दोनदा आला. तरुण होता, दाढी विस्कटलेली, पण विस्कटायला वेळ लागला असणार. त्याने आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "आजी, तुम्ही इतिहास आहात."

"मी इस्त्रीवाली आहे," आई म्हणाली.

तो खुर्ची सोडून जमिनीवर बसला. टेप सुरू करून दोन तास ऐकत राहिला, मधूनमधून डोळे मिटत होता. तो गेल्यावर आई म्हणाली, "खुर्ची रिकामी असताना खाली बसणारा माणूस काहीतरी उचलायला आलेला असतो."

म्हणाली खरी, पण तिलाही आस लागली. ती रोज विचारायला लागली, "कुठवर आला गं सिनेमा?" मग एका संध्याकाळी तिने लेकीला जवळ बसवलं. "हे बघ, मला काही दिसणार नाही. ते काय वाट्टेल ते दाखवू देत. मला तरणीताठी दाखवोत, नाहीतर घोड्यावर बसवोत. पण ते वाक्य मला ऐकायचंय. ते नीट आलं पाहिजे. तू आहेस ना तिथे?"

"मी आहे," लेक म्हणाली. सगळा घोळ तिथे झाला.

गर्दीच्या आवाजाचा दिवस आला. छोट्या पडद्यावर ती खिडकी दिसली. गटार नव्हतं. खिडकीसमोर वकील उभा होता, पहिल्या दिवसापासून उभा असावा असा. हिरोच तो. त्याच्या मागे चाळीस बायका, डाव्या खांद्यावर फाटलेल्या. एक म्हातारी वकिलाचा दंड धरून रडत होती. ती आई असणार, कारण दुसरी म्हातारी दिसत नव्हती. आई त्या वर्षी सदतीसची होती. वकील तीन मिनिटं बोलला. त्यात उद्याचा सूर्य होता, रक्ताचे थेंब होते आणि शेवटी पेटती मशाल होती. ते ऐकून कारकुनाचे डोळे भरून आले.

"खिडकीतला कारकून तीन मिनिटं ऐकून घेतो होय?" गर्दीमावशी म्हणाली. "तेवढ्यात तो जेवून आला असता."

"तिचं वाक्य?" कानसेनने काचेपलीकडून विचारलं. त्याला सगळी गोष्ट माहीत होती.

"कुठे दिसतंय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन काय सांगायचं? म्हातारी खिडकीशी बसून कान लावून वाट बघतेय. सातव्या वेळी तुकडा लागला, बाकीच्यांनी वांगी-बटाटे सुरू केलं आणि वकिलाने श्वास घ्यायला जी फट ठेवली होती त्या फटीत तिने आईच्या आवाजात, आईच्या ठसक्यात ते वाक्य टाकलं. आता उद्या तुम्ही या, साहेब. आम्ही इथंच आहोत.

बाकीच्यांची वांगी थांबली. त्या पहिल्या दिवसानंतर, एकतीस वर्षांनी, गर्दी पुन्हा बोलली होती.

कानसेनने कानावरचं काढलं. "राहू देतो," तो म्हणाला. "बारीक ठेवतो. दिग्दर्शकाला हिरोशिवाय काही ऐकू येत नाही. तुझ्या आईला तेवढं पुरेल."

पुरलं असतं. त्या रात्री ती आईला म्हणाली, "तुझं वाक्य आहे सिनेमात. मी स्वतः ऐकलंय." दुसऱ्या दिवशी आईने ठेवणीतले कपडे काढायला लावले, हाताने चाचपून त्यांना स्वतः इस्त्री केली आणि एक चुणी राहू दिली नाही.

पण दिग्दर्शकाला नेमकं ऐकू आलं. आठवड्याने सगळे आवाज एकत्र करताना तो खुर्चीतून उडाला. "हे काय आहे? कोण बोललं हे? सोनं आहे, सोनं! हे माझ्या टेपमध्ये कसं नव्हतं?"

टेपमध्ये होतं. टेप ऐकायला त्याला सवड झाली नव्हती, इतकंच.

गर्दीमावशीला बोलावणं गेलं. ती गेली तेव्हा हिरो माइकसमोर उभा होता आणि ते वाक्य म्हणत होता. अकरा वेळा म्हणून झालं होतं. पहिल्यांदा त्याने ते गंभीर म्हटलं, मग हळवं, मग दात-ओठ खाऊन. 'साहेब' या शब्दावर त्याचा गळा दाटून येत होता आणि 'इथंच'नंतर तो इतका थांबत होता की तेवढ्यात झडप दोनदा खाली आली असती.

"ते माझ्या आईचं वाक्य आहे," ती दिग्दर्शकाला म्हणाली.

"मावशी, म्हणूनच तर! गर्दीत वाया जाऊ द्यायचं का ते?"

"मग त्या म्हातारीच्या तोंडी घाला."

"तिथे म्हातारीचं तोंड दिसत नाही हो. वकिलाचाच चेहरा आहे, मोठा. भाषण काढून टाकतोय मी. फक्त हे एक वाक्य. बघा, तुमच्या आईचं केवढं मोठं केलं!"

"पण ते बोलली ती."

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, ते आता सगळ्यांचं आहे."

सगळ्यांचं आहे म्हणजे तुमचं नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तिलाही कळलं.

"आता वाक्यानंतर जयजयकार हवा," तो पुढे म्हणाला. "टाळ्या, शिट्ट्या, आभाळ फाटलं पाहिजे. बाकीच्यांना आज नाही बोलावलं. तुम्ही एकट्या दहाजणींचं काम करता असं ऐकलंय."

इथे ती निघून गेली असती, तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. सिनेमातली असती तर गेलीच असती, दार आपटून, व्हायोलिनसकट. ती गेली नाही. तिने स्वतःला समजावलं, की आपण नाही म्हटलं तर दुसरी कुणी करेल. की निदान वाक्य तरी आईच्या कानावर पडेल. की बारीक पडण्याऐवजी मोठ्याने पडेल. माणूस स्वतःला समजावायला बसला की कारणांना तोटा नसतो. काचेपलीकडून कानसेनने मान हलवली, नको म्हणून. तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं, चपला काढल्या आणि माइकसमोर उभी राहिली.

कामचुकारपणा तिच्या अंगात कधीच नव्हता आणि तोच नडला. तिने एकामागून एक बारा वेळा जयजयकार केला, दर वेळी वेगळ्या बाईचा. तरुण, जाडी, दम्याची, भांडकुदळ, रडवेली. टाळ्या हाताच्या, मांडीवरच्या, पातेल्यावरच्या. शेवटी तिचा घसा बसला आणि दिग्दर्शक म्हणाला, "कमाल! अंगावर काटा आला." तिलाही बरं वाटलं. ते तिला पुढे फार दिवस आठवत राहिलं, की त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं.

खास खेळ दुपारी होता. निमंत्रितांचा. हक्कांच्या लढ्याबद्दल कळवळा असलेली सगळी मंडळी आली होती. मोटारी लावण्यावरून दोघांची बाचाबाचीही झाली. आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. दिग्दर्शकाने माइकवर सांगितलं की आजी आज आपल्यात आहेत, तेव्हा लोक उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. "बसा म्हणावं," आई लेकीला म्हणाली.

सिनेमा सुरू झाला. लेक आईच्या कानाशी लागून दिसेल ते सांगत होती. आता धुलाईखाना आहे. वाफ येतेय. चादरी आहेत. "चादरी ओल्या आहेत की वाळल्यात?" आई विचारायची. मग कचेरी आली, खिडकी आली, वकील आला. लेकीने सांगणं थांबवलं. तिला वाटलं, आता उठून आईला बाहेर घेऊन जावं, पोटात दुखतंय म्हणावं, काहीही म्हणावं. ती उठली नाही.

झडपेचा आवाज झाला. कारकून म्हणाला, उद्या या. मग तो भरदार, तालमीचा पुरुषी आवाज आला, साहेब म्हणताना दाटलेला. आता उद्या तुम्ही या... साहेब. आम्ही... इथंच... आहोत.

आणि आभाळ फाटलं. बाराच्या बारा बायका एकदम उसळल्या. थिएटरातल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या, मागे कुणी शिट्टी मारली. आई मान किंचित वाकडी करून ऐकत होती, दूध उतू जायच्या आधी ऐकायची तशी.

"हा कोण?" तिने विचारलं.

"वकील."

"वकील चौथ्या दिवशी आला होता."

"हो."

पडद्यावर जयजयकार चालूच होता, दिग्दर्शकाने तो भरपूर लांबवला होता.

"ही पहिली ओरडली ती तू आहेस."

"हो."

"आणि ती खोकणारी?"

"मीच, आई."

"सगळ्या तूच आहेस."

आईने आपला हात तिच्या हातातून काढून मांडीवर ठेवला, इस्त्री केलेल्या घडीवर.

"मी बोलले ना त्या दिवशी, तेव्हा कुणी हूं का चूं केलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "कोपर टेकवून उभी होते. मागे वळून बघितलं, तर सगळ्या भिंतीला जाऊन लागलेल्या. पोलीस येतील म्हणून. माझा हात सोडून तूही त्यांच्यात गेली होतीस. मी एकटी बसले. तासाभराने एक आली, मग दुसरी आली. तू सगळ्यांत शेवटी आलीस."

सत्तेचाळीस वर्षं लेक शेजारी बसल्याचं सांगत आली होती, आईच्या देखत, आणि आई एका शब्दाने आडवी आली नव्हती.

"तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस," आई म्हणाली, "म्हणून मी कधी बोलले नाही."